दांड्यावरचा डाग

कांद्याला करपा आला म्हटलं, की नाशिककडच्या माणसाच्या डोळ्यांसमोर शेंड्याकडून वाळत आलेली पात येते. बुलढाणा जिल्ह्यात घाटावर, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, चिखली, मेहकर, लोणार या पट्ट्यात, हिवाळ्यात बियाण्यासाठी लावलेल्या कांद्यात, म्हणजे सीड प्लॉटमध्ये, शिरणारा शेतकरी पात नंतर बघतो. तो आधी दांडा बघतो. कंबरेला लागेल एवढा उंच, आतून पोकळ, खालच्या अंगाला थोडा फुगलेला हिरवा दांडा आणि त्याच्या टोकाला शेकडो बारीक फुलांचा पांढरा गोंडा. या दांड्यावर बोटभर लांबीचा डाग पडला आणि त्यानं दांड्याला वेढा घातला, की दांडा त्याच जागी वाकतो आणि मोडतो. गोंडा खाली लोंबतो. त्यातलं बी भरत नाही. भरलंच तर पोचट निघतं, पाखडताना सुपातून उडून जातं.

खाण्याच्या कांद्याला एक सवलत असते. चार पानं करपली तरी मधून नवी पात निघते, कांदा थोडा लहान राहतो, पण हाती काहीतरी लागतं. बियाण्याच्या कांद्याला ती सवलत नाही. मोडलेल्या दांड्याच्या जागी दुसरा दांडा येत नाही. म्हणून नाशिक-नगरसाठी लिहिलेला करप्याचा सल्ला जसाच्या तसा इथे चालत नाही, आणि घाटावरच्या या पिकाचा वेगळा विचार व्हायला हवा, असं मला ठामपणे वाटतं.

बुलढाण्याचा माणूस जिल्ह्याचे दोन भाग करूनच बोलतो, घाटावरचा आणि घाटाखालचा. खाली पूर्णेचं खोरं, मलकापूर, नांदुरा, शेगाव. तिकडची हवा तापट. वर अजिंठ्याच्या रांगेचं पठार, हिवाळ्यात गार आणि एरवी कोरडं. कांद्याला फुलावर यायला काही आठवड्यांची सलग थंडी लागते आणि बी पिकताना कोरडं ऊन लागतं. घाटावर दोन्ही मिळतं. देऊळगाव महीजवळच्या खडकपूर्णा प्रकल्पानं, ज्याला लोक संत चोखासागर म्हणतात, या भागाला रब्बीचं पाणी दिलं. आणि पलीकडे जिल्ह्याची हद्द ओलांडली की जालना. 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी तिथे महिको सुरू केली, पुढे बियाण्याच्या कंपन्यांची रांगच लागली, आणि त्यांना लागणारं बी पिकवून देणारी गावं भोवताली तयार झाली. देऊळगाव राजा, सिंदखेड राजाकडे शेडनेटमधलं मिरची-टोमॅटोचं बीजोत्पादन आणि उघड्या वावरातलं कांद्याचं बी ही दोन्ही कामं त्यातूनच वाढली.

हिशोब मोठा असतो, कारण चीज लहान आहे. कांद्याच्या हजार बियांचं वजन साधारण 3 ते 4 ग्रॅम. एका हेक्टरच्या लागवडीला रोप करायचं तर 8 ते 10 किलो बी पुरतं. हे बी वर्षभरातच उगवण गमावू लागतं, म्हणून ते दरवर्षी नव्यानं पिकवावं लागतं. 2020 च्या पावसाळ्यात खरिपाची रोपं आणि उभा कांदा सडला, आधी कांद्याची आणि मग ऑक्टोबरच्या अखेरीस कांदा बियाण्याचीही निर्यात केंद्राला बंद करावी लागली, तेव्हा या काळ्या दाण्याची किंमत सगळ्या राज्याला कळली. घाटावरच्या दहा-वीस गुंठ्यांवरचा डाग कुणाच्या तरी कांद्याच्या चाळीत उतरतो तो असा.

जानेवारीत सकाळी सातच्या सुमाराला प्लॉटमध्ये उतरलं की विजार गुडघ्यापर्यंत भिजते. दव नुसतं पानावर बसलेलं नसतं, पानाच्या बेचक्यात पाणी साचलेलं असतं. देऊळगाव राजा तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं एक दांडा दोन बोटांत धरून हळूच फिरवून दाखवला. एका बाजूनं दांडा स्वच्छ होता. दुसऱ्या बाजूला पिवळट-नारिंगी बारीक ठिपक्यांची रांग, त्यातले दोन-तीन एकमेकांत मिसळून लांबट झालेले, कडेला फिकट गुलाबी छटा. ‘‘वारं इकून येते नं भाऊ,’’ तो म्हणाला, ‘‘तं डागबी याच अंगाला.’’ त्याचं निरीक्षण अचूक होतं. हा तपकिरी करपा, स्टेम्फिलियम व्हेसिकॅरियम या बुरशीचा. वाऱ्याच्या तोंडाला असलेल्या बाजूवर त्याचे डाग जास्त पडतात, हे शास्त्रज्ञांनीही नोंदवलेलं आहे.

खालच्या एका जुन्या पानावर दुसराच प्रकार होता. आधी पांढुरका, खोलगट ठिपका. तो वाढत गेलेला, मधोमध जांभळा, भोवती पिवळं वलय, आणि आत एकात एक गोल रेषा. हा जांभळा करपा, अल्टरनेरिया पोराय. त्या डागावरून त्यानं अंगठा फिरवला, तर अंगठ्याला काळपट भुकटी लागली. ही भुकटी म्हणजे बुरशीचे बीजाणू. तिसरा, काळा करपा, कोलेटोट्रिकमचा, इथे हिवाळ्यात सहसा दिसत नाही. तो पावसाळ्यातला, पाणी साचलेल्या वावरातला. त्यात पानं पिळवटतात, मान लांबते, कांदा पोसतच नाही. खरिपाचा कांदा घेणाऱ्यांना तो चांगला ठाऊक आहे.

पान पूर्ण वाळलं की हे तिन्ही सारखेच दिसतात आणि तिघांनाही करपाच म्हणतात. कृषी केंद्राच्या काउंटरवर वाळलेलं पान ठेवून ‘‘करप्याचं औषध द्या’’ म्हटलं, तर दुकानदाराच्या हातात अंदाजापलीकडे काही उरत नाही. डाग कोवळा असताना ओळखला तरच ओळखता येतो. तपकिरी करप्याला साधारण 15 ते 25 अंशांची गार हवा मानवते, म्हणून डिसेंबर-जानेवारीत तो पुढे असतो. जांभळ्याला 25 अंशांच्या आसपासची ऊब हवी. थंडी उतरून फेब्रुवारी तापायला लागला आणि मधेच आभाळ आलं, की जांभळा उसळतो. नेमका तेव्हाच गोंडा फुलात असतो किंवा बी दुधात असतं. एकाच प्लॉटवर एकाच हंगामात दोन वेगळ्या बुरशा पाळीपाळीनं येतात, आणि आपण मात्र सगळ्याला एकच बाटली शोधत बसतो.

दोघींची एक गरज मात्र सारखी आहे, पाणी. ते जमिनीतलं नको, पानावरचं हवं. बीजाणू वाऱ्यानं दांड्यावर येऊन पडला तरी कोरड्या दांड्यावर त्याला काही करता येत नाही. पान किंवा दांडा सलग दहा-बारा तास ओला राहिला, की तो रुजतो, आत शिरतो. मग जांभळ्याचा ठिपका एक ते चार दिवसांत दिसतो आणि पाचव्या दिवसाच्या सुमारास त्याच ठिपक्यावर नवे बीजाणू तयार होऊ लागतात. संध्याकाळी सहाला दव धरलं आणि सकाळी धुई नऊ-दहापर्यंत उठली नाही, तर तेवढे तास भरतात. घाटावरचे शेतकरी हे तासांत मोजत नाहीत, पण ‘‘आभाळ आलं, धुई पडली, आता तीन-चार रोजात दिसते,’’ असं सहज म्हणतात. त्यांचा अंदाज आणि प्रयोगशाळेचा आकडा एकाच जागी येऊन मिळतो.

यातून एक साधी गोष्ट निघते. डाग दिसल्यावर पंप उचलला, तर एक फेरी आधीच हातची गेलेली असते. राजगुरुनगरचं कांदा व लसूण संशोधन संचालनालय, जे 1994 साली राष्ट्रीय संशोधन केंद्र म्हणून सुरू झालं, वर्षानुवर्षं सांगत आलं आहे की फवारणी वेळेवर सुरू करा आणि दहा-पंधरा दिवसांच्या अंतरानं औषध बदलत राहा. लिटरला अडीच ग्रॅम मॅन्कोझेब. पुढच्या वेळी लिटरला एक ग्रॅम ट्रायसायक्लाझोल. मग लिटरला एक मिली हेक्झाकोनाझोल किंवा प्रोपिकोनाझोल. मॅन्कोझेब पानाच्या पृष्ठभागावर राहून बीजाणूला रुजू देत नाही, म्हणून त्याची जागा डागाच्या आधी आहे. बाकीची पानात शिरून काम करतात, पण तीही सुरुवातीलाच. कांद्याची पात उभी आणि मेणचट असल्यामुळे साधं फवारलेलं पाणी थेंब-थेंब होऊन घरंगळतं. चिकट द्रव्य मिसळल्याशिवाय मारलेलं औषध बहुतांशी मातीला मिळतं. हे सगळ्यांना माहीत असतं. तरी घाईत पंप भरताना पहिल्यांदा विसरतात ते स्टिकरच.

त्याउलट विसरत नाहीत ती भेळ. एका पंपात बुरशीनाशक, कीटकनाशक, टॉनिक, विद्राव्य खत, कधी आणखी एखादी पुडी. खर्च चढतो, पातीला चट्टे पडतात आणि काय लागू पडलं ते कळत नाही. याहून मोठा धोका वेगळा आहे. एकाच गटाचं औषध सारखं मारलं, की बुरशीतले जे थोडे धागे त्यातून वाचतात तेच वाढत जातात. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या कांदा पट्ट्यात हे घडून गेलं आहे. तिथल्या स्टेम्फिलियमनं अझॉक्सिस्ट्रोबिनच्या गटातल्या औषधांना दाद देणं सोडलं आणि शेतकऱ्यांच्या हातातलं एक महागडं हत्यार बोथट झालं. आपल्याकडे त्याच गटाची मिश्रणं वेगवेगळ्या नावांनी, वेगवेगळ्या रंगांच्या बाटल्यांतून विकली जातात. नाव बदललं म्हणजे औषध बदललं असं नाही. डब्यामागे बारीक अक्षरात लिहिलेला घटक वाचणं हे आता वावरातल्या कामाइतकंच महत्त्वाचं काम झालं आहे.

करप्याला दार उघडून देणारी एक कीड आहे, फुलकिडे, ज्यांना सगळे थ्रिप्स म्हणतात. पातीच्या बेचक्यात दडून ते पान खरवडतात आणि रस पितात. पातीवर चंदेरी-पांढरे चट्टे उमटतात, आणि खरवडलेल्या जागी बुरशीला आत जायला वेळ लागत नाही. याच फुलकिड्यांबरोबर आणखी एक दुखणं येतं, आयरिस यलो स्पॉट नावाचा विषाणू. दांड्यावर वाळल्या गवताच्या रंगाचे, दोन्ही टोकांना निमुळते डाग पडतात आणि दांडा तिथेच मोडतो. भारतात कांद्यावर या विषाणूची पहिली नोंद झाली ती जालना आणि नाशिक भागातून. ती 2006 साली प्रसिद्ध झाली. जालना म्हणजे आपलं शेजारचंच शिवार. या डागाला बुरशीचा समजून कितीही बुरशीनाशक ओतलं तरी काही होत नाही, कारण विषाणूला ते लागूच पडत नाही. तिथे थ्रिप्स आवरणं हाच उपाय. प्लॉटच्या कडेनं महिनाभर आधी मक्याच्या दोन ओळी लावायचा सल्ला राजगुरुनगर देतं. उडत येणारे थ्रिप्स त्या भिंतीत अडकतात. जागा जाते म्हणून पुष्कळ जण ते टाळतात. मला ती जागा वाया गेलेली वाटत नाही.

थ्रिप्ससाठी कीटकनाशक मारायचं म्हटलं, की सीड प्लॉटमधली सगळ्यात नाजूक अडचण समोर येते. कांद्याच्या एका फुलात जास्तीत जास्त सहा बिया धरतात, पण आपसूक नाही. फुलातला पराग आधी झडतो आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो, त्यामुळे पराग दुसऱ्या फुलाकडून यावा लागतो, आणि तो मधमाशी आणते. त्यात कांद्याचा मध माशीला फारसा आवडत नाही. त्यात पोटॅशियम जास्त असतं. शेजारी मोहरी किंवा दुसरं काही गोड फुललं असेल तर माशी तिकडे वळते. एका गोंड्यातली फुलं एकदम उमलत नाहीत, आठवड्यांमागून आठवडे उमलत राहतात, म्हणून माशी या सगळ्या काळात प्लॉटवर टिकून राहायला हवी. अशा प्लॉटवर फुलोऱ्यात सकाळी दहा वाजता कीटकनाशक मारलं, तर त्या हंगामाचं परागीभवन आपण आपल्या हातांनी थांबवतो. चिखलीकडच्या एका काकांनी मला गोंडा हातात चोळून दाखवला. वरून टपोरा, पांढराशुभ्र. आत नुसती टरफलं. ‘‘करपा नव्हता यंदा. औषध चांगलं मारलं होतं,’’ ते म्हणाले. मग थोडं थांबून, ‘‘माशीच आली नाही.’’

म्हणून घाटावर करपा आवरायचा तो फुलोऱ्याच्या आधी. थ्रिप्सवरची फवारणी दांडे निघतानाच उरकून घ्यावी. गोंडा उमलल्यावर कीटकनाशक बंद. बुरशीनाशक मारावंच लागलं तर ऊन उतरल्यावर, माश्या पोळ्याकडे परतल्यावर, आणि भेळ न करता एकटं. बियाणे कंपनीचे प्रतिनिधी हे सांगतात तेव्हा शेतकरी ऐकतात. पण ते जवळ नसताना, मधेच ढग आले की हात पंपाकडे जातो, आणि एवढा पैसा घातलेल्या माणसाला नुसतं बघत बसा म्हणणं मलाही जमत नाही. त्याला आधीच दुसरं काहीतरी करता यायला हवं होतं.

ते दुसरं काय, तर पानावरचे ओले तास कमी करणं. दाट लावलेल्या प्लॉटमध्ये वारं खेळत नाही आणि दहाला सुकणारं दव अकरापर्यंत राहतं. ओळी वाऱ्याच्या दिशेनं, दोन ओळींत दोन फुटांच्या आसपास मोकळीक, आणि गादीवाफ्यावर ठिबक, एवढ्यानं फरक पडतो. फुलावरच्या कांद्यावर तुषार संच तर लावूच नये. युरिया उशिरापर्यंत देत राहिलं की पात लुसलुशीत होते, झाकण होतं, आणि तीच पात बुरशीला आवडते. यात शेतकऱ्याच्या हाती नसलेली गोष्टही एक आहे, लाईट. शेतीची वीज एका आठवड्यात दिवसा असेल तर पुढच्या आठवड्यात रात्री असते. रात्रपाळीत पाणी भरायचं म्हणजे थंडीत, विंचू-सापाच्या भीतीनं, बॅटरी घेऊन बांधावर उभं राहायचं; आणि ज्या रात्री दव पडतं त्याच रात्री सऱ्या पाण्यानं भरल्या की प्लॉटमधली ओल आणखी वाढते. दिवसा वीज हा प्रश्न आपण झोपेचा आणि सुरक्षेचा म्हणून मांडतो. तो रोगाचाही आहे.

आणि मुळात बेणं. दिवाळीच्या मागेपुढे लावणीसाठी निवडलेला कांदा 60 ते 80 ग्रॅमचा, घट्ट मानेचा, एका डोळ्याचा असावा. वरचा तिसरा हिस्सा कापून, बुरशीनाशकात बुडवून लावतात. ही निवड बहुधा घरातल्या बाया करतात. ओसरीवर ढीग ओतून, एकेक कांदा हातात घेऊन मान दाबून बघतात. मऊ लागला की बाजूला. एकरी दहा-बारा क्विंटल कांदा असा हाताखालून जातो. सिंदखेड राजाकडच्या एका मावशींनी बाजूला टाकलेल्या ढिगाकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, ‘‘ह्यो पोरं लावून टाकतेत घाईत. मंग म्हणतेत औषध लागू नाही पडलं.’’ करप्याच्या व्यवस्थापनातला सगळ्यात स्वस्त भाग त्यांच्या हातात होता आणि त्याची मजुरी कुठल्याच हिशोबात धरलेली नसते.

निसर्गापुढे हे सगळं कधी अपुरंही पडतं. फेब्रुवारी-मार्च 2014 मध्ये विदर्भ-मराठवाड्यावर गारपीट झाली. गारेचा मार पडलेल्या दांड्याला ठिकठिकाणी जखमा होतात, वर पाऊस, वर ढग. बुरशीला याहून सोयीचं काही नाही. अशा वेळी अठ्ठेचाळीस तासांत एक फवारणी होते की नाही यावर उरलेल्या गोंड्यांचं भवितव्य ठरतं. जळगाव जामोदचं आणि बुलढाण्याचं अशी दोन कृषी विज्ञान केंद्रं जिल्ह्यात आहेत, वर अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. गारपिटीच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप प्रत्येक सीड प्लॉटवाल्याच्या मोबाईलवर पोचला पाहिजे, नाव आणि प्रमाणासकट, ही अपेक्षा जास्त नाही.

मार्च-एप्रिलमध्ये गोंड्याची टरफलं फुटून आतलं काळं बी दिसायला लागलं की तोडणी सुरू होते, तीन-चार फेऱ्यांत. वाळवणं, कुटणं, पाखडणं, मग नमुना कंपनीकडे. प्रमाणित बियाण्याला किमान 70 टक्के उगवण आणि साध्या पिशवीत जास्तीत जास्त 8 टक्के ओलावा, एवढं भरलं की माल पास. पण करप्याची बुरशी बियाण्याबरोबरही जाते. ओल्या टिपकागदावर बी मांडून आठवडाभर ठेवलं, की सूक्ष्मदर्शकाखाली ती उगवून आलेली दिसते. ही जुनी, साधी चाचणी आहे. उगवण मोजणाऱ्या प्रयोगशाळेला ती अवघड नाही. घाटावर निवडून, वेळेवर फवारून, माशी सांभाळून पिकवलेलं निरोगी बी आणि डागी प्लॉटमधलं बी आज एकाच भावानं जातं, कारण दोघांची उगवण सत्तरच्या वर आहे. निरोगी बियाण्याला वेगळा भाव मिळाला, तर ओसरीवरच्या निवडीपासून मक्याच्या कडेपर्यंत सगळ्याला कारण मिळेल. ही मागणी कंपनीबरोबरच्या करारावर सही होण्याआधी, ऑक्टोबरात, गावानं मिळून करायची आहे. नमुना गेल्यावर कुणी ऐकत नाही.

कुटल्यानंतर उरलेले दांडे आणि टरफलं बहुतेक ठिकाणी बांधावर ढीग करून पडतात. त्यात बुरशी उन्हाळा काढते आणि जूनच्या पावसात पुन्हा जागी होते, तेही पलीकडच्या वाफ्यात खरिपाचं रोप टाकलेलं असताना. तो ढीग खड्ड्यात कुजवायचा, आणि त्याच वावरात दोन-तीन वर्षं पुन्हा कांदा नाही. एकाच विहिरीच्या पाण्यावर असलेल्याला हे परवडत नाही, हे खरं आहे. देऊळगाव राजाच्या त्या शेतकऱ्याला मी विचारलं, पुढच्या वर्षी काय. विहीर त्याचीही एकच. तो म्हणाला, ‘‘पाइप वाढवतो भाऊ. सीड खालच्या वावरात नेतो, इथं हरभरा.’’